फसवून हक्कसोड पत्रावर सही घेणाऱ्या भावाला क्षमा करणे म्हणजे दावा मागे घेणे का, आणि माझ्या आजाराचा त्याच्याशी संबंध आहे का?

प्रश्न : सायंप्रार्थना, नाशिक

सर्वांना जय ख्रिस्त.

आमचे कुटुंब तीन पिढ्यांपासून नाशिकमध्ये असून चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मंडळीचे सभासद आहे. माझे वडील सहा वर्षांपूर्वी प्रभूमध्ये निद्रिस्त झाले. त्यांनी मृत्युपत्र केलेले नव्हते, आणि त्यांच्या मागे माझी आई, माझा थोरला भाऊ आणि मी असे तिघेच वारस होतो. अंत्यविधीनंतर दोन-अडीच महिन्यांनी भाऊ मला म्हणाला की, प्रॉपर्टी कार्डावर वारसनोंद करायची आहे, त्यासाठी दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात येऊन सह्या कराव्या लागतील. मी शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा घेऊन गेले, त्याने बोट ठेवले तिथे सह्या केल्या, अंगठा दिला, फोटो काढून घेतला आणि परत शाळेत आले. कागद मी वाचला नाही. सख्ख्या भावाने पुढे केलेला कागद त्याच्यासमोर वाचत बसणे म्हणजे त्याच्यावर संशय घेणे, असे मला त्या वेळी वाटले. दीड वर्षापूर्वी त्याने घर विकण्याची बोलणी सुरू केली तेव्हा मला कळले की ते हक्कसोड पत्र होते. आईचीही सही त्याच दिवशी त्याच कागदावर घेतलेली होती. मी दिवाणी दावा दाखल केला असून तो चालू आहे. आई सध्या माझ्याकडे राहते.

मला चार वर्षांपासून आमवात आहे. सकाळी बोटे आखडतात आणि खडू धरणेही कठीण होते. उपवासकाळात एका घरी झालेल्या प्रार्थना सभेत बाहेरगावाहून आलेल्या एका संदेशकांनी माझ्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि नंतर सर्वांसमक्ष सांगितले की, या भगिनीच्या हाडांत अक्षमा साठलेली आहे, ती भावाला क्षमा करीपर्यंत हिला आरोग्यदान मिळणार नाही, आणि क्षमा खरी असेल तर ती दावा मागे घेऊन दाखवील. सभेतल्या एका भगिनीने तर नंतर असेही सुचवले की, विश्वासाने गोळ्या बाजूला ठेवाव्यात.

मी रोज रात्री भावाचे नाव घेऊन ‘प्रभो, मी त्याला क्षमा केली आहे’ अशी प्रार्थना करते. पण रिक्षाने त्या घरावरून जावे लागले आणि वडिलांनी लावलेला गच्चीवरचा मधुमालतीचा वेल दिसला की, छातीत पुन्हा तेच पेटते. म्हणजे माझी क्षमा खोटी आहे का? दावा चालू ठेवणारी व्यक्ती प्रभूची प्रार्थना म्हणू शकते का? आणि माझे दुखणे खरोखर माझ्याच मनाने धरून ठेवले आहे का? पवित्र शास्त्र जाणणाऱ्यांनी, आणि ज्यांनी स्वतः असे काही सोसले आहे त्यांनी, कृपया मोकळेपणाने लिहावे.

उत्तर : वचनप्रेमी

भगिनी, तुमचे दुःख मोठे आहे, हे मी मान्य करतो. परंतु पौलाने करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात स्पष्ट लिहिले आहे की, भाऊ भावाविरुद्ध न्यायालयात जातो आणि तेही विश्वास न ठेवणाऱ्यांपुढे, हीच मुळात तुमची हार आहे. त्यापेक्षा तुम्ही अन्याय का सोसून घेत नाही? मत्तयाच्या सहाव्या अध्यायात प्रभूने असेही म्हटले आहे की, तुम्ही लोकांना क्षमा केली नाही तर तुमचा पिताही तुमच्या अपराधांची क्षमा करणार नाही. ही वचने मला स्वतःलाही जड जातात, परंतु ती जड आहेत म्हणून आपण त्यांना वळसा घालू नये. घर आज आहे आणि उद्या नाही. मी तुमच्यासाठी प्रार्थना करीत आहे.

उत्तर : जुना पाळक, नाशिक रोड

ताई, मी चौतीस वर्षे पाळकाचे काम करून निवृत्त झालो आहे. तुम्ही लिहिलेला प्रसंग वाचून मला फार वाईट वाटले, कारण आजारी माणसाला सभेत उभे करून त्याच्या आजाराचा दोष त्याच्याच अंतःकरणावर ठेवणे, हे प्रभूने कुठेही केलेले नाही. वचनप्रेमी यांनी दिलेली वचने खरी आहेत आणि त्यांचा हेतू शुद्ध आहे, म्हणून मी त्याच वचनांपासून सुरुवात करतो.

आपल्या मराठी शास्त्रात प्रभूच्या प्रार्थनेची ती ओळ अशी आहे : ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड.’ आपले कॅथॉलिक बांधव तिथे अपराध हा शब्द वापरतात, आणि लूकच्या शुभवर्तमानात पाप हा शब्दही आहे. मत्तयाने मात्र ऋणाचाच शब्द योजला आहे, आणि मूळ ग्रीकमध्ये क्षमेसाठी जे क्रियापद येते, ‘आफिएमी’, त्याचा अर्थही सोडून देणे, जाऊ देणे, कर्ज माफ करणे असाच आहे. इतकी वर्षे ही प्रार्थना म्हणताना माझ्या लक्षात आलेली गोष्ट अशी की, ऋण सोडायचे तर ते आधी ऋण आहे असे मान्य करावे लागते. किती रक्कम, कोणाकडे, कधीपासून, हे ज्याला ठाऊक आहे तोच सावकार कर्ज सोडू शकतो. ज्या वहीत काही लिहिलेलेच नाही तिच्यावर रेघ मारून काय होणार?

तुमच्या प्रकरणातला शब्दही योगायोगाने तोच आहे : हक्कसोड. तुम्ही त्या दिवशी जी सही केली ती हक्क सोडणे नव्हते, कारण आपण काय सोडतो आहोत हे तुम्हाला ठाऊकच नव्हते. जाणून दिले तर ते दान होते; न कळवता घेतले तर ती चोरी होते, मग खाली सही कितीही सुबक असो. आता सभेत तुम्हाला जी क्षमा करायला सांगितली जात आहे तीही मला दुसऱ्या हक्कसोड पत्रासारखीच वाटते. कागद वाचू नका, विचारू नका, फक्त सही करा, असाच त्या मागणीचा सूर आहे. प्रभू अशी सही मागत नाही.

मत्तयाच्या अठराव्या अध्यायातला दाखला पाहा. पेत्र विचारतो, सात वेळा क्षमा करू का, आणि प्रभू सांगतो, साताच्या सत्तर वेळा. लगेच तो दोन कर्जदारांची गोष्ट सांगतो. पहिल्याचे राजाकडे दहा हजार तालांताचे देणे होते. एक तालांत म्हणजे सुमारे 6000 दीनार, आणि एक दीनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी, जी कोणालाही फेडता येणार नाही. राजाने ते सारे सोडून दिले. दुसऱ्याकडे, म्हणजे त्याच्या सोबतीच्या दासाकडे, पहिल्याचे शंभर दीनार येणे होते. आम्ही पाळक हा दाखला सांगताना नेहमी एक चूक करतो, मीही पुष्कळ वर्षे केली, की ते शंभर दीनार क्षुल्लक होते असे सांगतो. शंभर दिवसांची मजुरी क्षुल्लक नसते. आपल्याकडचा द्राक्षबागेतला मजूर तीन-साडेतीन महिने राबला तर जे मिळवील तेवढी ती रक्कम आहे. आपल्या बंधूने आपले केलेले नुकसान काहीच नाही, असे प्रभू म्हणत नाही. तो एवढेच म्हणतो की, त्यापेक्षा कितीतरी मोठे देणे राजाने मला सोडलेले आहे, हे मी विसरू नये. त्या पहिल्या, निर्दय दासाचा गुन्हा हिशेब मागण्याचा नव्हता. त्याने सोबतीचा गळा धरला, आणि ‘धीर धरा, मी फेडीन’ अशी विनवणी तो करीत असतानाही त्याला तुरुंगात टाकले, हा त्याचा गुन्हा होता. तुमच्या भावाने अजून ‘फेडीन’ असे म्हटलेले नाही, आणि तुम्ही त्याचा गळा धरलेला नाही.

आता करिंथकरांचे पत्र. तिथे पौल ज्यांनी दावा लावला त्यांनाच बोलतो असे आपण समजतो, पण आठव्या वचनात तो तितक्याच कडकपणे म्हणतो की, तुम्ही स्वतः अन्याय करता आणि लुबाडता, आणि तेही आपल्या भावांना. त्याच्या आधी पाचव्या वचनात तो विचारतो, भावाभावांमध्ये निवाडा करील असा एकही शहाणा माणूस तुमच्यात नाही काय? म्हणजे पौलाला निवाडाच नको आहे असे नाही. तो मंडळीने करावा, असे त्याला हवे आहे. ताई, तुमच्या मंडळीतल्या कोणी तो प्रयत्न केला का? केला नसेल, तर तुमच्या दाव्यावर बोट ठेवण्याचा अधिकार त्या मंडळीला फारसा उरत नाही. आणि स्वतः पौलाने रोमी सुभेदार फेस्तापुढे, आपल्यावर अन्याय होतो आहे असे दिसताच, कैसराकडे दाद मागितली होती, हे प्रेषितांच्या कृत्यांच्या पंचविसाव्या अध्यायात आहे.

योसेफाची गोष्ट मी याच कारणासाठी वारंवार सांगतो. भावांनी त्याला विकले तेव्हा तो सतरा वर्षांचा होता, आणि भावांना ओळख दिली तेव्हा सुमारे एकोणचाळीस. मधल्या बावीस वर्षांत त्याचे मन मोकळे झाले होते, असे त्याने आपल्या मुलांना ठेवलेल्या नावांवरून दिसते. तरीही भाऊ धान्यासाठी समोर आले तेव्हा तो लगेच त्यांच्या गळ्यात पडला नाही. त्याने त्यांची पारख केली, धाकट्या बन्यामिनाच्या गोणीत प्याला ठेवला, आणि ज्या यहूदाने त्याला विकण्याची कल्पना काढली होती तोच यहूदा धाकट्या भावाच्या बदल्यात स्वतः गुलाम व्हायला तयार झाला, तेव्हाच योसेफाला रडू आवरेना. क्षमा एकट्याला करता येते. समेट मात्र दोघांनी मिळून करायचा असतो, आणि दुसरा माणूस बदलला आहे की नाही हे पाहिल्याशिवाय तो होत नाही. रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात पौलही ‘शक्य असल्यास’ आणि ‘तुमच्याकडून होईल तितके’ अशा दोन अटी घालूनच सर्वांबरोबर शांतीने राहायला सांगतो.

दाव्याविषयी माझे मत स्पष्ट आहे : तो चालवताना भावाचा नाश व्हावा ही इच्छा मनात नसेल, तर तो चालवणे पाप नाही. मिशनरी ग्रॅहॅम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुले यांना 1999 च्या जानेवारीत ओडिशातल्या मनोहरपूर येथे जाळून मारण्यात आले. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीरपणे सांगितले आणि त्यानंतरही काही वर्षे त्या ओडिशातच कुष्ठरोग्यांची सेवा करीत राहिल्या. पण त्यांच्या क्षमेमुळे खटला थांबला नाही आणि थांबावा असे कोणी मानले नाही. न्यायालयाने आपले काम केले, त्यांनी आपले.

तुमच्या प्रकरणात तर आणखी एक गोष्ट आहे. आपल्याला लागू असलेल्या 1925 च्या भारतीय वारसा कायद्यानुसार मृत्युपत्र नसेल तर विधवेला एक तृतीयांश आणि उरलेले दोन तृतीयांश मुलांना सारखे, मुलगा-मुलगी असा भेद न करता. म्हणजे त्या घरात आईचाही एक तृतीयांश होता. तुम्ही तुमच्या वाट्याचे ऋण उद्या सोडू शकाल. आईच्या वाट्याचे सोडण्याचा अधिकार तुम्हाला नाही. वृद्ध आईच्या डोक्यावरचे छप्पर राखणे, हे आई-बापाचा मान राख या आज्ञेत बसते.

आणि मधुमालतीच्या वेलाबद्दल. साताच्या सत्तर वेळा हे उत्तर मला पूर्वी चारशे नव्वद वेगवेगळ्या अपराधांबद्दल वाटत असे. आता वाटते की, एकच अपराध चारशे नव्वद वेळा आठवतो, आणि प्रत्येक वेळी तो नव्याने सोडावा लागतो. वेल दिसल्यावर छातीत पेटणे ही जखम आहे, पाप नव्हे. त्या क्षणी तुम्ही त्याचे वाईट चिंतीत नाही, हेच तुमच्या रात्रीच्या प्रार्थनेचे उत्तर आहे असे मी समजतो.

उत्तर : रात्रपाळी

मी कॅथॉलिक असून सव्वीस वर्षे परिचारिका आहे. शास्त्राबद्दल पाळकसाहेबांनी लिहिले आहे, त्यामुळे मी आजाराबद्दलच लिहिते, आणि सर्वांत आधी एक विनंती करते : गोळ्या बंद करू नका. आमवातात शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते. औषध थांबवले की सूज वाढते, आणि सुजेने एकदा हाड झिजले की ते पूर्ववत होत नाही. तुम्हाला आठवड्यातून एकदाच घ्यायची मेथोट्रेक्झेट आणि सोबत फॉलिक ॲसिड दिलेले असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यात काहीही बदल करू नका, आणि ठरल्याप्रमाणे रक्ततपासणी करत राहा. ज्या भगिनीने तुम्हाला गोळ्या बाजूला ठेवायला सांगितले तिच्या मनात वाईट नसेल, पण वाकडी झालेली बोटे घेऊन जगायचे तुम्हाला आहे.

दुसरी गोष्ट तुमच्याच लेखनात आहे आणि ती कोणाच्या लक्षात आलेली दिसत नाही. आजार चार वर्षांपासून आहे. भावाने काय केले हे तुम्हाला दीड वर्षापूर्वी कळले. जी गोष्ट तुम्हाला ठाऊकच नव्हती तिच्याबद्दलची अक्षमा अडीच वर्षे आधीच तुमच्या हाडांत कशी साठेल?

मनाचा आणि शरीराचा संबंधच नाही असे मी म्हणत नाही. सतत धुमसणाऱ्या माणसाची झोप जाते, रक्तदाब वाढतो, दुखणे आहे त्यापेक्षा जास्त जाणवते, हे मी वॉर्डात रोज पाहते. राग उतरला तर तुम्हाला झोप लागेल, आणि झोप लागली तर सकाळ थोडी सुसह्य होईल. पण त्याला बरे होण्याची अट म्हणणे ही वेगळीच गोष्ट आहे. कफर्णहूमात चौघांनी छप्पर उघडून पक्षाघाती माणसाला खाली सोडले तेव्हा प्रभूने त्याला आधी पापांची क्षमा दिली आणि मग उठून चालायला सांगितले. तू कोणाला क्षमा करायची राहिली आहेस का, असे त्याने विचारले नाही. त्याचा स्वतःचा विश्वासही मोजला नाही. मार्काने लिहिले आहे की, प्रभूने ‘त्यांचा’ विश्वास पाहिला, म्हणजे बाज उचलून आणणाऱ्यांचाही. मला आजारी माणसांभोवतीच्या सभांमध्ये नेहमी हीच उणीव दिसते की, रोग्याचा विश्वास तपासणारे पुष्कळ असतात आणि बाज उचलणारे थोडे. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी विचारले की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे, तेव्हा प्रभूने दोन्ही नाकारले. पौलाने तीन वेळा विनवणी करूनही त्याच्या शरीरातला काटा काढला गेला नाही. ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ एवढेच उत्तर त्याला मिळाले. पौलाच्या मनात अक्षमा होती असे कोणी म्हणेल का?

आमच्याकडे पूर्वी आजाऱ्याला तेल लावण्याचा संस्कार म्हणजे शेवटची घटका, असे समजत. फादर आलेले दिसले की घरातले रडू लागत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, 1972 साली, त्या संस्काराला पुन्हा रुग्णांसाठीच्या अभ्यंगाचे रूप मिळाले, याकोबाच्या पत्रात आहे तसे : कोणी आजारी असेल तर त्याने मंडळीच्या वडीलधाऱ्यांना बोलवावे आणि त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी. मी दरवर्षी फेब्रुवारीत बाळ येशूच्या यात्रेत सेवेला असते. तिथे हजारो लोक दुखणी घेऊन येतात. मी कितीतरी जणांना दुखणे तसेच घेऊन परत जाताना पाहिले आहे, आणि तरी त्यांचा चेहरा येतानाचा राहिलेला नसतो. त्यालाही मी बरे होणेच म्हणते. हे वाक्य दुखणाऱ्या माणसाला समाधान म्हणून देण्याची घाई मात्र कोणी करू नये, मीही करत नाही.

क्षमेबद्दल फक्त एक आठवण. सिस्टर राणी मारिया यांची 1995 साली मध्य प्रदेशात बसमधून ओढून हत्या झाली. त्यांची धाकटी बहीणही धर्मभगिनीच होती. तिने पुढे तुरुंगात जाऊन रक्षाबंधनाच्या दिवशी त्या मारेकऱ्याला राखी बांधली. ही घटना आम्हाला नेहमी सांगितली जाते, पण त्या राखीच्या आधी सात वर्षे गेली होती हे सहसा सांगितले जात नाही. तुम्हाला तर अजून दीडच वर्ष झाले आहे.

उत्तर : थोरला भाऊ, देवळाली कॅम्प

मी या चर्चेत लिहावे की नाही, याचा दोन दिवस विचार केला. मी तुमच्या बाजूचा नाही. मी तुमच्या भावाच्या बाजूचा माणूस आहे. माझ्या वडिलांनी धाकट्या बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेली मुदत ठेव मी तिला न सांगता मोडली आणि पैसे माझ्या दुकानात घातले. दुकान चालले नाही.

तिला कळले तेव्हा ती रडली आणि दुसऱ्याच दिवशी म्हणाली, ‘दादा, मी क्षमा केली, आपण हा विषय पुन्हा काढायचा नाही.’ आईनेही तिला तसेच सांगितले होते आणि मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनीही. सर्वांना हायसे वाटले, मला सर्वांत जास्त. पण खरे सांगतो, त्या क्षमेने माझे काहीच बरे झाले नाही. मी तिच्या घरी जाणे टाळू लागलो. प्रभुभोजनाच्या रविवारी काहीतरी कारण काढून मी बाहेर थांबत असे. मनात मी तिलाच दोष देऊ लागलो होतो, की ती मोठेपणा दाखवते. ज्याचे ऋण मोजलेच गेले नाही त्याला ते सुटल्याचे कळत नाही, हे पाळकसाहेबांनी लिहिलेले मी स्वतः जगलो आहे.

तीन वर्षांनी ती स्वतः माझ्याकडे आली. तिच्या हातात एक वही होती. ती म्हणाली, ‘मी तेव्हा खोटे बोलले. मी क्षमा केलेली नाही, कारण माझे काय गेले हे तुला मी कधी सांगितलेच नाही.’ तिने रक्कम वाचली, त्यावरचे व्याज वाचले, आणि ज्या दिवशी सासरी तिला त्या पैशांवरून ऐकून घ्यावे लागले त्या दिवसाबद्दलही सांगितले. मी मान वर केली नाही. त्या दिवशी मला पहिल्यांदा तिचे तोंड दिसले, असे म्हणालो तर समजेल का ते मला ठाऊक नाही. मी दरमहा थोडे थोडे करून साडेसात वर्षांत पैसे फेडले. शेवटच्या हप्त्याच्या आधी तिने व्याज सोडले. ते तिने सोडले, तेव्हा आपल्याला काय सोडले जात आहे हे मला पैशासकट ठाऊक होते.

जकातदार जक्कयाने उभे राहून, ज्याला लुबाडले त्याला चौपट परत करतो, असे म्हटले, आणि त्यानंतर प्रभूने ‘आज या घराला तारण प्राप्त झाले आहे’ असे म्हटले. हा क्रम माझ्यासाठी फार महत्त्वाचा आहे. ताई, तुम्ही दावा मागे घेतला तर तुमचा भाऊ आनंदाने साक्ष देईल की बहिणीने क्षमा केली, आणि तो आतून तसाच राहील. त्याच्यावर प्रेम असेल तर त्याला असे सोडू नका. फक्त एक करा : दाव्याच्या कागदांत वकिलाची भाषा असते, तिच्यात तो हरवून जाईल. त्याला स्वतःच्या शब्दांत लिहा की तुमचे काय गेले. मधुमालतीच्या वेलाबद्दल लिहा.

उत्तर : वचनप्रेमी

वरील उत्तरे मी दोनदा वाचली. करिंथकरांच्या पत्रातले आठवे वचन मी कितीतरी वेळा वाचले असेन, पण ते लुबाडणाऱ्यांना उद्देशून आहे याकडे माझे लक्ष गेले नव्हते. मत्तयाच्या सहाव्या अध्यायातल्या इशाऱ्याला सौम्य करू नये, या मतावर मी अजूनही आहे, परंतु तो इशारा मी चुकीच्या माणसावर ठेवला असे मला आता वाटते. भगिनी, माझ्या शब्दांनी तुमच्या ओझ्यात भर पडली असेल तर मला क्षमा करावी.

प्रश्नकर्तीचे उत्तर : सायंप्रार्थना, नाशिक

आपणा सर्वांचे मनापासून आभार. वचनप्रेमी, तुमच्या पहिल्या उत्तराने मी दुखावले होते, हे लपवत नाही, आणि तुमच्या दुसऱ्या उत्तरानंतर ते दुखणे राहिलेले नाही.

अडीच वर्षांचा तो हिशेब मी स्वतः कधी केला नव्हता, याचे मला आश्चर्य वाटते. गणित शिकवण्यात माझी वीस वर्षे गेली आहेत. सभेतल्या त्या वाक्यानंतर मी इतकी घाबरले होते की, आजार आधी होता, हे मला आठवलेच नाही. खरे तर दोन आठवड्यांच्या गोळ्या मी घेतल्या नव्हत्या. या शुक्रवारी मी डॉक्टरांकडे जाऊन तसे सांगितले. ते रागावले नाहीत, रक्त तपासून औषध पुन्हा सुरू केले आहे.

आईला मी एक तृतीयांशाबद्दल सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, ‘माझा वाटा मी त्याला दिलाच असता, त्याने मागायला हवा होता.’ आई भावावर रागावलेली नाही, आणि तरीही तिला दावा चालू राहायला हवा आहे, हे मला त्या दिवशी कळले. इतके दिवस मी तिला विचारलेच नव्हते, तिच्या वतीने स्वतःच ठरवत होते, आणि त्याबद्दल मी तिची क्षमा मागितली.

थोरला भाऊ, तुमचे उत्तर मी आईला मोठ्याने वाचून दाखवले. त्यानंतर मी भावाला पत्र लिहायला बसले. बोटांमुळे दोन संध्याकाळी लागल्या. त्यात दाव्याचा उल्लेख नाही. निबंधक कार्यालयातून बाहेर पडल्यावर त्याने मला उसाचा रस पाजला होता आणि मी त्याच्यासाठी मनात देवाचे आभार मानले होते, हे लिहिले आहे. मला सर्वांत जास्त ते लागले आहे, घरापेक्षाही, हे लिहिताना समजले. पत्र अजून टाकलेले नाही. वकिलांना दाखवून मगच टाकावे असे वाटते, कारण दावा चालू असताना काय लिहावे आणि काय लिहू नये याची मला माहिती नाही.

न्यायालयाने दोन्ही पक्षांना मध्यस्थीसाठी पाठवले असून पुढची तारीख या महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी आहे. भावाने आमच्या वकिलांमार्फत विचारले आहे की, मंडळीतले कोणी वडीलधारे सोबत आणले तर चालेल का. पाळकसाहेब, तुम्ही आम्हा दोघांनाही ओळखत नाही, म्हणूनच विचारते : त्या दिवशी सकाळी तुम्हाला येणे जमेल का? मंचाच्या खासगी संदेशात मी माझा पत्ता आणि वेळ कळवते.

उत्तर : जुना पाळक, नाशिक रोड

येतो, ताई. निघण्यापूर्वी तुमच्या घरी येऊन आधी आईंशी बोलेन, आणि तुमच्या भावाची हरकत नसेल तर आदल्या दिवशी त्यांनाही भेटेन. पत्र वकिलांना दाखवा, पण त्यातला उसाचा रस काढू देऊ नका.